मुंबई ते लंडन: हवाई अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

‘मुंबई ते लंडन अंतर’ असं शोधलं की एका ओळीत उत्तर मिळतं: सुमारे ७,२०० किलोमीटर, विमानाने नऊ-साडेनऊ तास. तिकीट काढायला गेलं की जातानाच्या विमानापुढे पावणेदहा-दहा तास दिसतात आणि परतीच्या विमानापुढे नऊ. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळांची नुसती वजाबाकी केली तर जाताना पाच तास येतात, येताना साडेतेरा. यातला एकही आकडा खोटा नाही, फक्त प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे. आपल्याला नेमकं काय हवंय हे न ठरवता पहिला दिसलेला आकडा उचलला की पुढचं विमान हुकतं, टॅक्सी तीन तास आधी येऊन थांबते, नाहीतर नातेवाईक विमानतळावर ताटकळतात.

खाली मुंबई-लंडन हे उदाहरण पुरतं सोडवून दाखवलंय. पद्धत समजली की पुणे-दिल्ली असो वा नागपूर-दोहा, कोणत्याही दोन शहरांना ती लागू करता येईल. लागतं ते एवढंच: फोनमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर, नकाशा आणि तिकिटावरचा विमानाचा क्रमांक.

पायरी १: दोन टोकं पक्की करा

अंतर सांगणाऱ्या बहुतेक वेबसाइट शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत मोजतात. विमान तिथून उडत नाही. लांबच्या प्रवासात या फरकाने किलोमीटरच्या हिशेबात काही बिघडत नाही, पण जमिनीवरच्या वेळेच्या हिशेबात खूप बिघडतं.

मुंबईला डिसेंबर २०२५ पासून दोन विमानतळ आहेत: सहारचा जुना आणि उलव्याचा नवी मुंबईचा. पुण्याहून येणाऱ्याला उलवे वाटेतच पडतं, बोरिवलीकराला ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. लंडनला तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्युटन, सिटी असे कितीतरी विमानतळ आहेत. हीथ्रो शहराच्या पश्चिमेला, गॅटविक दक्षिणेला, स्टॅनस्टेड ईशान्येला. तिकिटावर नुसतं ‘लंडन’ दिसलं म्हणून स्वस्त पर्याय घेतला आणि पुढचं विमान दुसऱ्याच विमानतळावरून असलं, तर मधला प्रवास बसने किंवा रेल्वेने, सामानासकट, स्वतःच करावा लागतो.

म्हणून शहराचं नाव बाजूला ठेवा आणि तीन अक्षरी कोड बघा. मुंबईचा जुना विमानतळ बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय, हीथ्रो एलएचआर, गॅटविक एलजीडब्ल्यू. याची किंमत आपल्या लोकांना सगळ्यात जास्त गोव्यात कळते. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. शोधताना दोन्ही ‘गोवा’ म्हणूनच येतात. सावंतवाडीला जायचं असेल तर मोपा जवळजवळ दारात आहे, मडगावला जायचं असेल तर दाबोळी. उलटं तिकीट निघालं की विमानात वाचलेला वेळ टॅक्सीत जातो.

पायरी २: सरळ अंतर स्वतः काढा

हे काम कोणतीही वेबसाइट करून देते. तरी एकदा स्वतः करून बघावं असं मी म्हणेन, कारण मग वेबसाइटने दिलेला आकडा हवाई अंतराचा आहे की रस्त्याचा, हे नुसत्या नजरेने ओळखता येतं.

आधी सोपं उदाहरण, मुंबई-दिल्ली. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर अक्षांश आणि ७२.८७ पूर्व रेखांशावर, दिल्लीचा २८.५७ आणि ७७.१० वर. अक्षांशांतला फरक ९.४८ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १,०५२ किलोमीटर. रेखांशांतला फरक ४.२३ अंश, पण रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात, त्यामुळे इथे १११ ला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. मधला अक्षांश २३.८, त्याचा कोसाइन ०.९१५. पूर्व-पश्चिम अंतर आलं सुमारे ४३० किलोमीटर. आता शाळेतला पायथागोरस: दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर १,१३७ किलोमीटरच्या आसपास. रेल्वेने हेच अंतर १,३८० किलोमीटरच्या वर जातं.

ही युक्ती देशांतर्गत अंतरांना छान चालते. लंडनसारख्या लांबच्या ठिकाणाला चालत नाही, कारण तिथे पृथ्वीचा गोलपणा मध्ये येतो. त्यासाठी पुढचं सूत्र वापरा. कॅल्क्युलेटर ‘डिग्री’वर आहे ना, हे आधी तपासा, ‘रेडियन’वर असेल तर उत्तर हास्यास्पद येईल.

मुंबईचा अक्षांश १९.०९. हीथ्रोचा अक्षांश ५१.४७, रेखांश ०.४५ पश्चिम. एक रेखांश पूर्वेचा आणि दुसरा पश्चिमेचा असल्याने फरक काढताना बेरीज करायची: ७२.८७ अधिक ०.४५, म्हणजे ७३.३२ अंश.

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७ × ०.७८२ = ०.२५६
दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार, गुणिले रेखांश-फरकाचा कोसाइन: ०.९४५ × ०.६२३ × ०.२८७ = ०.१६९
बेरीज: ०.४२५
या संख्येचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹ बटण): सुमारे ६४.९ अंश
गुणिले १११.२: सुमारे ७,२१० किलोमीटर

दशांशस्थळं कमी घेतली तर पाच-दहा किलोमीटर इकडेतिकडे होतील, त्याची चिंता नको. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळेही थोडा फरक पडतो, पण तो फार तर अर्धा टक्का. विमानातल्या पडद्यावर किंवा विमान कंपनीच्या पॉइंटच्या हिशेबात हे अंतर मैलांत दिसलं तर कोणता मैल ते बघा. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, वैमानिकांचा सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट.

पायरी ३: विमान प्रत्यक्षात कुठून जातं

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि लंडन पट्टीने जोडली तर रेघ होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळून जाते. त्या रेघेवरून गेलं तर अंतर ७,४०० किलोमीटर भरतं. खरा जवळचा रस्ता तिच्या बराच उत्तरेकडून जातो. त्याला बृहद्वृत्त म्हणतात: पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला तर तो जसा बसेल तसा मार्ग. मुंबईहून निघाल्यावर तो वायव्येला कराचीच्या बाजूला वळतो, बलुचिस्तान ओलांडून पूर्व इराणमध्ये शिरतो, बरोबर निम्म्यावर जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या जवळ असतो, आणि तीन चतुर्थांश अंतर झालेलं असतं तेव्हा पश्चिम युक्रेनवर.

ही नावं पाहिलीत तर अडचण लगेच लक्षात येईल. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि मुदत महिन्यामहिन्याने वाढवत नेली. याआधी बालाकोटनंतर, २७ फेब्रुवारी ते १६ जुलै २०१९ या काळातही ते बंद होतं. जून २०२५ मध्ये इराण आणि इराकचं आकाशही काही दिवस बंद झालं होतं. थोडक्यात, गणिताने काढलेली सर्वांत जवळची रेघ भारतीय विमानाला आज जशीच्या तशी मिळत नाही.

गंमत म्हणजे मुंबईकराला याचा फटका दिल्लीकराच्या मानाने कमी बसतो. मुंबईहून विमान सरळ अरबी समुद्रावर निघतं आणि मस्कतच्या बाजूने वर चढतं. मुंबई-मस्कत आणि मस्कत-लंडन अशी बेरीज केली तर ती साधारण ७,४०० किलोमीटर होते. म्हणजे वळसा दोनशे किलोमीटरचा, वेळ पाव तास. दिल्लीहून निघालेल्या विमानाला मात्र आधी गुजरातच्या बाजूला खाली उतरून समुद्र गाठावा लागतो आणि मग पश्चिमेकडे वळता येतं. विमान इंग्लंडच्या कंपनीचं असेल तर पाकिस्तानची बंदी त्याला लागू नाही. एकाच दिवशी, एकाच दोन शहरांमध्ये, दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसतात त्याचं हे एक कारण.

वळसे, हवाई मार्गांची वळणं आणि उतरतानाच्या घिरट्या धरून मी मुंबई-लंडनसाठी ७,६०० किलोमीटर पकडतो. आकाश मोकळं असलेल्या दुसऱ्या कोणत्याही जोडीसाठी सरळ अंतरात तीन ते पाच टक्के मिळवले की पुरे. भारतातल्या भारतात पाच टक्के धरा.

याच कारणाने आखातात थांबणारं विमान अंतराच्या दृष्टीने वाटतं तितकं वाकडं नसतं. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-हीथ्रो सुमारे ५,५००; बेरीज ७,४३०. दुबई वाटेवरच आहे. वेळ वाढतो तो एकदा जास्त उतरण्या-चढण्यामुळे आणि मधल्या थांब्यामुळे. उलट मुंबईहून दिल्लीला जाऊन मग लंडनचं विमान धरलं तर सरळ अंतरच ७,८७० किलोमीटरच्या घरात जातं, वर पाकिस्तानचा वळसा वेगळा. तिकिटात मोठी बचत नसेल तर या वाटेला जाऊ नये.

पायरी ४: किलोमीटरचे तास करताना

रुंद पोटाची लांब पल्ल्याची विमानं, म्हणजे ७८७, ७७७, ए३५०, वर चढल्यावर हवेत ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातात. देशांतर्गत ए३२० आणि ७३७ ताशी ८३० च्या आसपास. हा वेग हवेच्या सापेक्ष आहे. ती हवा स्वतः कुठे चालली आहे यावर जमिनीवरचा वेग ठरतो.

साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट वारे असतात. हिवाळ्यात त्यांचा एक पट्टा उत्तर भारत, इराण, पश्चिम आशिया असा पसरलेला असतो आणि त्याच्या गाभ्यात वारा ताशी २०० किलोमीटरच्या पुढे सहज जातो. मुंबईहून लंडनला जाताना हा वारा समोरून येतो, परत येताना पाठीशी असतो. संपूर्ण मार्गावरची सरासरी अर्थात गाभ्यातल्या वेगापेक्षा बरीच कमी भरते, आणि वैमानिक जाताना त्याला बगल देऊन, येताना त्यावर स्वार होऊनच मार्ग आखतात.

हिशेब असा. ७,६०० किलोमीटरला ताशी ९०० ने आठ तास सत्तावीस मिनिटं. सरासरी ६० चा वारा समोरून असेल तर वेग ८४०, वेळ नऊ तास तीन मिनिटं. तोच वारा पाठीशी असेल तर वेग ९६०, वेळ सात तास पंचावन्न मिनिटं. कडक हिवाळ्यात सरासरी १०० धरली तर जाताना साडेनऊ, येताना सात तास छत्तीस मिनिटं. जाताना गमावलेला वेळ येताना पुरता वसूल होत नाही हेही इथेच दिसतं: वारा नसता तर दोन्ही मिळून सोळा तास त्रेपन्न मिनिटं लागली असती, या वाऱ्यात सतरा तास सहा मिनिटं. समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ काढतो, म्हणून.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेकडचा प्रवास लवकर व्हायला हवा, असा एक युक्तिवाद फॉरवर्ड होऊन अधूनमधून येतो. तो सोडून द्या. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं.

वारा किती करामत करू शकतो याची दोन उदाहरणं. फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. दुसरं जास्त बोलकं. एअर इंडियाने २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झालं आणि प्रवास मात्र जवळपास दोन तासांनी कमी झाला. चौदाशे किलोमीटर जास्त उडून लवकर पोहोचायचं, तेही निव्वळ वारा पाठीशी घेऊन.

आता जमिनीवरची मिनिटं. वेळापत्रकातला वेळ हा उड्डाणाचा वेळ नसतो. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तेव्हा तो सुरू होतो आणि पलीकडच्या गेटवर चाकांना अडसर लागतो तेव्हा संपतो. याला ब्लॉक टाइम म्हणतात. टॅक्सी करणं, धावपट्टीवरची रांग, चढताना-उतरतानाचा कमी वेग, हे सगळं त्यात येतं. यासाठी ३० ते ४० मिनिटं मिळवा. मुंबईत जास्त धरा: सहारच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि एवढी सगळी वाहतूक प्रत्यक्षात एका वेळी एकाच धावपट्टीवर चालते. हीथ्रोच्या दोन धावपट्ट्या समांतर आहेत, पण गर्दीच्या वेळी उतरणारी विमानं बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकहॅम आणि बिगिन या चार ठिकाणी आकाशात गोल घिरट्या घालत थांबवतात. शिवाय रात्री साडेअकरा ते सकाळी सहा उड्डाणांवर कोटा असल्याने पहाटे लवकर पोहोचलं म्हणजे लवकर उतरायला मिळेलच असं नाही.

आपलं उदाहरण पुरं करू. जाताना नऊ तास तीन मिनिटं अधिक चाळीस मिनिटं, म्हणजे पावणेदहा तासांच्या आसपास. येताना सात पंचावन्न अधिक चाळीस, साडेआठच्या थोडं वर. कंपन्या वेळापत्रकात यावर आणखी थोडी गादी घालतात, कारण उशीर झाला तर त्यांचं ‘वेळेवर’चं प्रमाण घसरतं. म्हणून येतानाचं तिकीट नऊ तास दाखवतं, आणि वैमानिक ‘आपण वीस मिनिटं लवकर पोहोचतोय’ असं जाहीर करतो तेव्हा त्यात फारसं कौतुक करण्यासारखं काही नसतं.

मुंबई-दिल्लीला हेच लावून बघा. १,१३७ मध्ये पाच टक्के मिळवून सुमारे १,१९५. भागिले ८३० म्हणजे शहाऐंशी मिनिटं. अधिक चाळीस, दोन तास सहा मिनिटं. वेळापत्रकात सव्वादोनच्या आसपास दिसेल. घाईत असाल तर इतकं करायची गरज नाही: किलोमीटरला ८०० ने भागा, चाळीस मिनिटं मिळवा.

पायरी ५: तिकिटावरच्या घड्याळांतून तास काढणं

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची स्थानिक वेळ असते. भारताची वेळ वर्षभर एकच. इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. २०२६ मध्ये हे दिवस २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. उन्हाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेपाच.

डोकं शांत ठेवायची युक्ती एकच: दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा, मग वजाबाकी करा. समजा जूनमध्ये मुंबईहून १३:३० ला निघून लंडनला १८:३५ ला पोहोचणार. १८:३५ मध्ये साडेचार मिळवा, भारतात तेव्हा २३:०५. वजा १३:३०, प्रवास नऊ तास पस्तीस मिनिटं. परतताना लंडनहून २१:३० ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी ११:००. निघताना भारतात रात्रीचे दोन वाजलेले असतात. दोन ते अकरा, नऊ तास.

अमेरिकेत घड्याळ बदलायचे दिवस वेगळे आहेत, मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातला फरक नेहमीपेक्षा एक तासाने कमी असतो. लंडनमार्गे पुढे जाणाऱ्यांनी त्या दिवसांत पाठ असलेला फरक वापरू नये.

याहून मोठा सापळा मध्यरात्रीचा. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं रात्री बारा ते पहाटे पाचच्या दरम्यान सुटतात. तिकिटावर १४ तारीख आणि ००:४० असेल तर विमानतळावर १३ तारखेच्या रात्री साडेनऊला पोहोचायचं असतं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हिशेबात दिवस सूर्योदयाला बदलतो, विमान कंपनीच्या हिशेबात मध्यरात्री. निरोप देताना ‘१४ च्या रात्री’ म्हणू नका. ‘शनिवारी रात्री जेवून निघायचं’ असं वारासकट सांगा आणि तेच व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा.

पायरी ६: मागचे पंधरा दिवस पाहा

इथपर्यंतचा हिशेब अंदाजाचा. विमानाचा क्रमांक हाताशी असेल तर अंदाजावर थांबायचं कारण नाही. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर तो क्रमांक टाका; मागच्या काही दिवसांत ते विमान कधी उडालं, कधी उतरलं, कोणत्या मार्गाने गेलं, सगळं दिसतं. फुकट खात्यात दिवस कमी दिसतात, पण तेवढे पुरतात.

बघताना दोन गोष्टी सांभाळा. तिथला ‘उड्डाणाचा वेळ’ सहसा चाकं जमीन सोडतात तिथपासून चाकं टेकतात तिथपर्यंतचा असतो, म्हणजे ब्लॉक टाइमपेक्षा कमी. दुसरं, नुसती सरासरी काढून खूश होऊ नका. पुढचं विमान पकडायचं असेल तर त्या यादीतला सर्वांत वाईट दिवस बघा आणि तो झाला तरी आपण तगू का, असं विचारा. दोन वेगवेगळी तिकिटं असतील, म्हणजे पहिल्याच्या उशिराची जबाबदारी दुसऱ्यावर नसेल, तर हीथ्रोवर चार तासांपेक्षा कमी अंतर मी तरी ठेवणार नाही.

दिल्लीच्या विमानांसाठी ऋतूही लक्षात घ्या. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात सकाळची विमानं रखडतात आणि तेच विमान दिवसभर पुढच्या फेऱ्या करत असल्याने संध्याकाळी मुंबईतही उशीर होतो.

पायरी ७: दारापासून दारापर्यंत

शेवटी हवा असतो तो हा आकडा. कोथरूडहून निघून लंडनच्या डॉलिस हिल भागात जायचंय असं समजू. १९३२ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ तिथेच आहे, त्यामुळे उदाहरण अगदीच हवेतलं नाही.

कोथरूड ते सहार चार तास. पावसाळ्यात, किंवा शुक्रवार-रविवारच्या संध्याकाळी घाटात गाड्या थबकतात तेव्हा, पाच. विमानतळावर तीन तास आधी. चेक-इनचा काउंटर निघायच्या तासभर ते सव्वा तास आधी बंद होतो, आपल्याला त्याआधी रांगेत नव्हे तर काउंटरसमोर असायला हवं. विमानाचे पावणेदहा तास. हीथ्रोवर भारतीय पासपोर्टला साधारणपणे स्वयंचलित गेट चालत नाही. अधिकाऱ्यासमोरची रांग आणि सामान मिळून सव्वा तास. पुढे एलिझाबेथ लाइनने बॉण्ड स्ट्रीट, तिथे ज्युबिली लाइन बदलून डॉलिस हिल. चालण्यासकट सव्वा तास.

बेरीज सव्वाएकोणीस तास. हवेतला वेळ त्याच्या निम्म्याहून कमी. तिकीट निवडताना अर्ध्या तासाने वेगवान विमान शोधण्यात लोक फार जीव काढतात. त्यापेक्षा घाटात गर्दी नसेल आणि लंडनला दिवसाउजेडी पोहोचता येईल अशी वेळ निवडली तर जास्त वाचतं.

जवळच्या प्रवासात हे प्रमाण आणखी उलटं होतं. मुंबई-नागपूर सरळ अंतर ६८० किलोमीटर, विमानाचा वेळ दीड तास. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा; म्हणजे हा रस्ता हवाई रेघेच्या आश्चर्यकारकरीत्या जवळून जातो, तर रेल्वेचा मार्ग ८३७ किलोमीटर आहे. तरी गाडीला आठ-नऊ तास लागतात आणि दारापासून दारापर्यंत विमानाला पाच-साडेपाच. नागपूरसाठी विमान जिंकतं. कोल्हापूरसाठी मात्र अंधेरीकराचं उत्तर वेगळं येईल आणि पनवेलकराचं वेगळं. सरळ अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आत असेल तर विमानाचं तिकीट काढण्याआधी हा पूर्ण हिशेब एकदा कागदावर मांडा.

या आकड्यांवर पैसेही ठरतात

हे फारसं कुणाला माहीत नसतं. विमान रद्द झालं किंवा फार रखडलं तर भरपाई किती, हे इंग्लंडमध्ये अंतरावर ठरतं, आणि ते अंतर बृहद्वृत्ताचंच मोजायचं असं नियमातच आहे. ३,५०० किलोमीटरच्या वरच्या प्रवासात कंपनीच्या चुकीमुळे चार तासांहून जास्त उशिरा पोहोचलात तर माणशी ५२० पाउंड. इंग्लंडमधून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला हे लागू आहे, म्हणजे लंडन-मुंबई भारतीय कंपनीने केलं तरी. मुंबई-लंडनला मात्र कंपनी इंग्लंडची किंवा युरोपीय संघातली असेल तरच.

भारतात विमान रद्द झाल्याची भरपाई ब्लॉक टाइमवर ठरते: एका तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तास ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी असेल ते. कंपनीने मुदतीत कळवलं असेल किंवा कारण तिच्या हाताबाहेरचं असेल तर मिळत नाही. मुंबई-दिल्ली वेळापत्रकात दोन तासांच्या वर असल्याने सर्वांत वरच्या टप्प्यात बसतं, मुंबई-नागपूर मधल्या. तक्रार लिहिताना म्हणूनच तिकिटावरचा ब्लॉक टाइम लिहा, वैमानिकाने सांगितलेला उड्डाणाचा वेळ नको.

कुणाला आणायला जाणार असाल तर

त्यांच्या तिकिटाचा फोटो मागण्याऐवजी विमानाचा क्रमांक आणि सुटण्याची तारीख मागा. लंडनहून १० तारखेला रात्री सुटलेलं विमान मुंबईत ११ ला येतं, आणि ट्रॅकरवर ते बहुधा १० तारखेखालीच सापडतं. घरून निघण्याआधी विमान प्रत्यक्ष उडालं का ते बघा. उडालं असेल तर वाऱ्याचा हिशेब धरून उतरण्याची वेळ दिसते आणि ती दहा-पंधरा मिनिटांपलीकडे सहसा चुकत नाही. त्यात इमिग्रेशन, सामान आणि कस्टमसाठी तासभर मिळवा. बरोबर आजी-आजोबा व्हीलचेअरवर असतील तर ते कधी सगळ्यांच्या आधी बाहेर येतात, तर कधी मदतनीस मिळेपर्यंत सगळ्यांच्या शेवटी. तिथे सव्वा तास धरा आणि पार्किंगचं मीटर सुरू करण्याआधी त्यांचा ‘बॅगा मिळाल्या’ असा फोन येऊ द्या.